जिप्सीचे पैसे जातात कुठे?

३१ डिसेंबर २०२४. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगाव गेटच्या हद्दीत, 'एफ-२' ही वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि सफारीच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी अडवलं. व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, काही गाइड आणि जिप्सीचालक (जिप्सी म्हणजे सफारीची उघडी गाडी) निलंबित झाले. त्या आठवड्यात नागपुरातल्या टपऱ्यांपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच सूर होता: या गाइडलोकांना जंगलाची किंमतच नाही.

किंमत त्यांना चांगलीच ठाऊक आहे, आणि ती आपणच शिकवली आहे. वाघ जवळून दिसला की टिप, नाही दिसला की पाहुण्याचं तोंड वाकडं. गाइड हा बहुतेकदा गेटलगतच्याच गावातला तरुण असतो. त्याची कमाई त्या दिवशीच्या वाघावर ठरत असेल, तर तो गाडी आणखी दहा फूट पुढे घ्यायला सांगणारच. जंगल पुढची वीस वर्षं टिकलं तर त्याच्या गावाला किती मिळणार, हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नाही. कारण तसा हिशेबच बहुतेक ठिकाणी मांडलेला नाही.

हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे. 'समुदायाधारित पर्यटन' हा शब्द सरकारी योजनांत आणि परिषदांत सतत कानावर पडतो. गावकऱ्यांनी स्वतः चालवलेलं, आणि ज्याचा नफा गावात राहतो असं पर्यटन, एवढाच त्याचा अर्थ. ऐकायला सोपं. पण त्यासाठी पैसा कोण घालणार आणि निघालेला पैसा कुणाच्या खिशात जाणार, इथे गाडी अडते.

एका सफारीचे चार तुकडे

नागपूरहून पेंच किंवा ताडोब्याला जाऊन आलेल्या कुटुंबाचा खर्च चार ठिकाणी विभागला जातो: प्रवेश शुल्क, गाडीचं भाडं, गाइडचं मानधन आणि मुक्कामाचं बिल. रिसॉर्टमध्ये राहिलात तर चौथा तुकडा सगळ्यांत मोठा असतो, आणि गावाशी त्याचाच संबंध सगळ्यांत कमी असतो. मालक नागपूरचा, मुंबईचा किंवा दिल्लीचा. भाजी, किराणा शहरातून. स्वयंपाकीही बाहेरचा. गावाला मिळतात ती माळी, चौकीदार आणि सफाईची कामं.

प्रवेश शुल्काची वाट वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी 'व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान' स्थापन करण्याची तरतूद आली. गेटवर जमा होणारा पैसा थेट राज्याच्या तिजोरीत न जाता या प्रतिष्ठानाकडे यावा आणि त्याच प्रकल्पावर खर्च व्हावा, ही त्यामागची कल्पना. स्थानिक लोकांना सोबत घेऊन निसर्ग पर्यटन वाढवणं हे प्रतिष्ठानाच्या उद्दिष्टांत लिहिलेलं आहे. मात्र गावाला किती टक्के द्यायचे, तो आकडा कायद्यात नाही. तो राज्य सरकारच्या नियमांवर, निर्णयांवर आणि खरं सांगायचं तर त्या त्या वेळच्या अधिकाऱ्याच्या मनावर अवलंबून राहतो.

जंगलाचे दोन भाग इथे समजून घ्यावे लागतील. गाभा, म्हणजे कोअर, हा वाघासाठी राखलेला आतला भाग. त्याभोवतीचा पट्टा म्हणजे बफर. तिथे माणसंही राहतात, शेतीही होते, गुरंही चरतात आणि वाघही फिरतो. ताडोब्याचा गाभा साधारण ६२५ चौरस किलोमीटरचा आणि बफर त्याहून बराच मोठा, ११०० चौरस किलोमीटरच्या आसपास. समुदायाच्या पर्यटनाची सगळी चर्चा प्रामुख्याने या बफरमधल्या गावांची आहे.

बगीचा कोण विकतो, संत्री कोण तोडतो

काटोल, नरखेड, वरूडकडे संत्र्याचा बहार अनेकदा झाडावरच विकला जातो. व्यापारी येतो, बगीचा नजरेने जोखतो, एकरकमी सौदा करतो. नंतर नागपूरच्या कळमना बाजारात भाव चढला तर तो व्यापाऱ्याचा, पडला तर तोही त्याचाच. शेतकरी निदान बगीच्याचा मालक असतो आणि सौदा तरी तोच करतो. तोडणीला येणाऱ्या मजुराच्या हातात मात्र फक्त दिवसाची मजुरी पडते. पुढच्या वर्षी झाडाला पाणी मिळालं काय, न मिळालं काय, त्याला फरक पडत नाही. तो दुसऱ्या बगीच्यात जाईल.

आपल्याकडच्या व्याघ्र पर्यटनात बहुतेक गावकरी या तोडणीच्या मजुराच्या जागी आहेत. गाइड, चालक, वेटर, माळी. काम मिळतं, ते महत्त्वाचंही आहे, त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. पण सौद्यात त्यांना जागा नाही. समुदायाधारित पर्यटनाला पैसा पुरवणं म्हणजे गावाला मजुराच्या जागेवरून उठवून मालकाच्या जागी बसवणं. गाडी गावाची, मुक्कामाच्या खोल्या गावाच्या, गेटवरच्या उत्पन्नात ठरलेला वाटा गावाचा, आणि आज किती गाड्या आत सोडायच्या या निर्णयात गावाचं मत. या चार गोष्टी जिथे नाहीत तिथे फलकावर काहीही लिहिलेलं असो, तो रोजगारच आहे.

भांडवल येणार कुठून?

समजा, बफरमधल्या एका बचत गटातल्या बाईला घरालगत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या आहेत. संडास-बाथरूमसह खर्च ६ लाख धरू. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) बँकेने ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्ज दिलं तर महिन्याचा हप्ता १३ हजारांच्या घरात जातो, वर्षाचे १ लाख ५६ हजार. एका खोलीचं एका रात्रीचं भाडं जेवणासह १५०० आणि त्यातला खर्च ५०० धरला तर हातात १००० उरतात. म्हणजे नुसते हप्ते फेडायला वर्षाला १५६ वेळा खोली भरायला हवी. गाभ्यातलं पर्यटन पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतं. उरलेल्या ३९ आठवड्यांत प्रत्येक शनिवार-रविवारी दोन्ही खोल्या भरल्या तर हिशेब होतो बरोबर १५६. म्हणजे एकही शनिवार-रविवार रिकामा गेला नाही तरी तिला पाच वर्षं एक रुपया सुटत नाही.

रिसॉर्टवाल्याला हे गणित परवडतं, कारण त्याच्याकडे तोटा सोसायला दुसरा धंदा असतो. या बाईकडे धानाची दोन एकर आणि मोहफुलं.

आता हाच खर्च निम्मा अनुदानातून झाला असं धरा. हप्ता साडेसहा हजारांवर येतो आणि निम्म्या रात्री तिच्या होतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: भिंती, छप्पर, संडास यांसाठी अनुदान हवं, आणि कर्ज फक्त गाद्या, भांडी, किराणा अशा फिरत्या खर्चासाठी. उलटं केलं की घर बँकेच्या दारात जातं. आणि पाहुण्यांनीही थोडा हातभार लावावा. सुट्टी घेता येत असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत जा. तिच्या वहीत त्या रात्रींचं मोल शनिवारच्या रात्रीपेक्षा जास्त आहे.

पैशाच्या वाटा तशा बऱ्याच आहेत. बचत गटांना 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून फिरता निधी आणि समुदाय गुंतवणूक निधी मिळतो. मुद्रा कर्जाची मर्यादा १० लाख होती. २०२४ च्या अर्थसंकल्पात, आधीचं मुद्राच्याच 'तरुण' नावाच्या गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी ती २० लाख केली. राज्याची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून संरक्षित जंगलालगतच्या गावांसाठी आहे. तिचा पैसा ग्राम परिस्थितिकीय विकास समितीमार्फत खर्च होतो. नाव भलतंच जड, म्हणून गावात या समितीला ईडीसीच म्हणतात. शिवाय राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची, म्हणजे एमटीडीसीची, निवास-न्याहारी योजना आहे. ५ कोटींहून जास्त नफा कमावणाऱ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात अशा कंपन्या कमी नाहीत. एक वाट मात्र फार कमी लोकांच्या ध्यानात येते. ती म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ पासून खाणवाल्यांना खाणबाधित भागासाठी या निधीत पैसे भरावे लागतात. कोळसा आणि वाघ दोन्ही आपल्याच जिल्ह्यांत आहेत, अनेकदा एकाच तालुक्यात. खाणीने ज्यांच्या जंगलाचा तुकडा घेतला त्यांच्या होमस्टेला या निधीतून भिंती मिळाव्यात, ही मागणी ग्रामसभांनी लावून धरायला हवी.

अडचण पैशाच्या टंचाईपेक्षा तारणाची आहे. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत कडक निर्बंध आहेत, आणि ते असायलाच हवेत. नाहीतर ताडोब्याच्या मोहर्लीपासून पेंचच्या सिल्लारीपर्यंत जंगलाकाठच्या जमिनी केव्हाच गेल्या असत्या. पण बँकेला जी जमीन सहज विकता येत नाही, तिच्यावर ती कर्जही सहज देत नाही. म्हणून वैयक्तिक कर्जापेक्षा गट किंवा समितीच्या नावाने उभं राहणारं भांडवल इथे जास्त कामाचं. गाडीचंही तसंच. गेटवर स्थानिक तरुणांना प्राधान्य असतं, पण प्राधान्याने गाडी येत नाही. त्यात मारुतीने जिप्सी बनवणंच थांबवलं.

"पण वाघामुळे रोजगार तर मिळतोच ना?"

मिळतो, पण ज्या गावात गेट आहे त्या गावाला. चार कोसांवरच्या गावाला वाघ तोच आणि त्रासही तोच, पण त्यांच्याकडे ना गाइड, ना जिप्सी.

एप्रिल-मे महिने डोळ्यासमोर आणा. पाणवठे आटलेले, झाडी विरळ, वाघ दिसण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत लोक जिप्सीत बसायला तयार होतात ते याचमुळे. नेमक्या याच दिवसांत बफरमधली माणसं पहाटे मोहफुलं वेचायला आणि पुढे तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. वाकून काम करणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं वनरक्षक सांगतात. विदर्भात वाघाच्या हल्ल्यांच्या कितीतरी बातम्या याच हंगामातल्या असतात. पर्यटनाचा सुगीचा काळ आणि गावाचा सगळ्यांत धोक्याचा काळ एकच आहे, हे आपल्या कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतं.

माणूस गेला तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. ही रक्कम टप्प्याटप्प्याने वाढत इथवर आली आहे. पण ती भरपाई आहे, उत्पन्न नाही. घरात मरण आल्यावरच ज्या वाघाचा पैसा दिसतो, त्या वाघाबद्दल माया कशी वाटेल? २०१४ च्या गणनेत महाराष्ट्रात १९० वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४. आठ वर्षांत दुपटीहून जास्त. ते सगळे गाभ्यात मावत नाहीत, बफरमध्ये आणि त्याही बाहेर पसरतात. त्यांना तिथे खपवून घेण्याची जबाबदारी कुणीही न विचारता गावांवर येऊन पडली आहे.

उद्या वाघच निघून गेला तर?

हा प्रश्न गावकऱ्यांपेक्षा गुंतवणूकदार जास्त विचारतात. रास्तच आहे, कारण उत्तर आपल्याच दारात घडून गेलं आहे. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात आला आणि कालपरवापर्यंत कुणाला फारसं ठाऊक नसलेलं अभयारण्य एकाएकी देशभरच्या फोटोग्राफरांच्या यादीत गेलं. एप्रिल २०१६ नंतर जय दिसला नाही. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही सापडला नाही. शोधमोहिमा झाल्या, तर्क झाले, आरोप झाले. ज्याने त्या तीन वर्षांत कर्ज काढून गाडी घेतली असेल त्याची काय गत झाली असेल, यावर मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

एका वाघावर उभा केलेला धंदा एका वाघाबरोबर जातो. म्हणून पैसा घालताना जंगलाची इतर दौलतही मोजावी लागते. पेंचने यात एक चांगलं पाऊल टाकलं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातला पहिलाच. म्हणजे दिव्यांचा उजेड इतका कमी की नागपूरकराला आयुष्यात न दिसलेली आकाशगंगा तिथे साध्या डोळ्यांनी दिसते. ताऱ्यांचा माग काढावा लागत नाही, ते जागा सोडून जात नाहीत, आणि ते पाहायला मुक्काम करावाच लागतो. होमस्टेसाठी याहून सोयीचं काय? कोलितमाऱ्याची नौकासफर आणि ताडोब्याच्या आगरझरीतलं फुलपाखरू उद्यान हेही याच वाटेवरचे प्रयत्न.

नेपाळने आकडा लिहून टाकला

आपल्या कायद्यात नसलेला आकडा नेपाळच्या कायद्यात आहे. तिथे राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा बफरमधल्या गावांच्या विकासासाठी द्यावा लागतो. १९९० च्या दशकापासून हे चालू आहे. गावांच्या निवडलेल्या समित्या तो पैसा कशावर खर्चायचा ते ठरवतात. चितवनला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. तिथे गेंडा शेतात घुसतो, नुकसानही करतो, भांडणंही होतात. पण उद्यानाचं उत्पन्न वाढलं की समितीचं वाढतं, एवढं गणित प्रत्येकाला पाठ असतं.

नामिबियाने आणखी पुढची उडी घेतली. १९९६ च्या कायद्याने तिथल्या गावसमूहांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर आणि पर्यटनावर हक्क मिळवता येतात. आज असे ऐंशीहून जास्त समूह आहेत. लॉज बाहेरची कंपनी चालवते, पण जागा समूहाची आणि करारात समूहाचा वाटा ठरलेला. त्याच उत्पन्नातून ते स्वतःचे वन्यजीव रक्षक नेमतात. या उत्पन्नात परवाना घेऊन होणाऱ्या शिकारीच्या शुल्काचाही भाग आहे, हे लपवायला नको. आपल्याकडे ते शक्य नाही आणि व्हायलाही नको. पण करारात गावाचं नाव असणं आपल्याला का जमू नये?

नामिबियातूनच एक धोक्याची सूचनाही घ्यावी. २०२० मध्ये करोनाने विमानं थांबली आणि या समूहांचं उत्पन्न कोसळलं. रक्षकांचे पगार देण्यासाठी मदतनिधी उभारावा लागला. संवर्धनाचा सगळा भार पर्यटनावर टाकला की एका साथीत सगळंच उघडं पडतं. चांगल्या वर्षातल्या उत्पन्नातला काही भाग वाईट वर्षासाठी बँकेत ठेवायचा, हा नियम पहिल्याच दिवशी समितीच्या ठरावात हवा.

"गावाच्या हाती दिला तर खाऊन टाकतील"

नागपुरात हा आक्षेप हमखास येतो, तोही चांगल्या शिकलेल्या माणसांकडून. सरपंचाचा भाऊ, समितीचा अध्यक्ष, बनावट बिलं. असं होत नाही असं कोण म्हणेल? पण पैसा वर ठेवला की सुरक्षित राहतो हेही खरं नाही. ताडोब्याच्या ऑनलाइन बुकिंगचं काम पाहणाऱ्या कंपनीविरुद्ध २०२३ मध्ये सुमारे १२ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. तिथे ना ग्रामसभा होती, ना बचत गट. होता तो संगणक.

उलट मेंढा-लेखाकडे पाहा. गडचिरोलीतल्या या गावाला २००९ मध्ये, देशात अगदी सुरुवातीला, सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल वापरण्याचा आणि सांभाळण्याचा गावाचा हक्क, मिळाला. पुढे ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकला, हिशेब सगळ्यांसमोर मांडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनेही बांबूचा कारभार ग्रामसभेतूनच चालवून दाखवला. दोन्ही गावं पर्यटनाची नाहीत, पण प्रश्न तोच होता: लाखोंचा व्यवहार अल्पशिक्षित माणसं सांभाळतील का? सांभाळला, कारण खातं एकाच्या सहीने चालत नाही आणि हिशेब चावडीवर वाचला जातो. याच अटीवर पर्यटनाचा वाटा ग्रामसभेला द्यायला काय हरकत आहे? वाटा रोखीने घरोघरी वाटायचा की शाळेला पंखे आणि शेताला सौर कुंपण करायचं, ते त्यांनी ठरवावं. मला विचाराल तर पहिल्या वर्षी कुंपण. रानडुकराने धान खाल्लं तर होमस्टेच्या पाहुण्याला भात कुठून वाढणार?

गेट नसलेल्या गावांचं काय?

इथे समुदायाधारित पर्यटनाची मर्यादा येते, आणि ती मान्य करायला हवी. प्रत्येक गावात होमस्टे निघू शकत नाही. निघूही नये, जंगलाला तेवढी माणसं सोसणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गाभ्यातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरावा असं ठरलं. ब्रह्मपुरीसारख्या वनविभागात तर व्याघ्र प्रकल्प नसतानाही वाघ मोठ्या संख्येने आहेत, आणि तिथल्या कित्येक गावांना पर्यटक कधीच दिसणार नाही. पेंचमध्ये तोतलाडोहच्या पाण्यात मासेमारी बंद झाल्यावर ज्यांची जाळी खुंटीला लागली, त्या सगळ्यांना कोलितमाऱ्याच्या होड्यांवर काम मिळणं शक्य नाही.

त्यांच्यासाठी पैसा वेगळ्या खिशातून यायला हवा. २०१२ च्या त्याच सूचनांत एक कलम आहे: जंगलाच्या जिवावर चालणाऱ्या हॉटेल-रिसॉर्टांकडून राज्यांनी संवर्धन शुल्क घ्यावं आणि ते स्थानिक लोकांच्या विकासावर खर्च करावं. सफारीच्या बिलाचा सगळ्यांत मोठा तुकडा रिसॉर्टकडे जातो. तिथूनच खोलीमागे ठरावीक रक्कम कापून ती आधी गेट नसलेल्या, पण वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असलेल्या गावांच्या ग्रामसभांकडे वळवली पाहिजे. कोणत्या गावांना द्यायचं हे शोधायला नवी समिती नेमायची गरज नाही. गेल्या पाच वर्षांत गुरं मारल्याचे आणि माणसांवर हल्ले झाल्याचे पंचनामे वन विभागाकडे गावनिहाय पडून आहेत. यादी त्यातूनच निघेल.